नाताळच्या रात्री घरच्यांसोबत बघण्यासारखा प्रेमपट सुचवा ('ख्रिसमस इन कनेटिकट', १९९२ बघून निराशा)

वसईकरीण

मंडळी, नाताळच्या आदल्या रात्री मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) घरी आलो की आमच्याकडे झोपायची घाई कुणालाच नसते. नेवऱ्यांचा डबा मधोमध ठेवून सगळे मिळून एक पिक्चर बघतो. बघणारे चौघं: सासूबाई, नवरा, सातवीतली लेक आणि मी. प्रेमकथा हवी ही सासूबाईंची अट, त्यात नाताळ हवा ही लेकीची.

यंदा आधीच बघून ठेवावा म्हणून 'ख्रिसमस इन कनेटिकट' लावला. १९४५चा नाही, १९९२चा, टीएनटी वाहिनीसाठी काढलेला. दिग्दर्शक चक्क अर्नोल्ड श्वार्झनेगर, म्हणून उत्सुकता फार होती. आदल्याच वर्षी 'टर्मिनेटर २' येऊन गेलेला, आणि हा माणूस नाताळची प्रेमकथा करतोय!

कथा ऐकायला छान आहे. एलिझाबेथ (डायन कॅनन) टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करते, आदर्श गृहिणी म्हणून देशभर नाव. प्रत्यक्षात तिला स्वयंपाक येत नाही. बर्फात अडकलेल्या मुलाला वाचवणारा वनरक्षक (क्रिस क्रिस्टोफरसन) एकदम प्रसिद्धीत येतो, आणि तिचं सगळं सांभाळणारा यार्डली (टोनी कर्टिस) ठरवतो की नाताळचं जेवण या वीराला तिच्या 'घरी' थेट प्रक्षेपणात वाढायचं. मग खोटं घर, खोटा नवरा, खोटं कुटुंब.

इतका मसाला हाताशी असून मला कुणाबद्दल काही वाटलंच नाही. गोंधळावर गोंधळ होतो, माणसं मोठमोठ्याने बोलतात, पण त्या दोघांना निवांत बोलायला जागाच ठेवलेली नाही. ती प्रेमात नेमकी कधी पडली हे कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आणि नाताळ म्हणजे फक्त झाड, दिवे आणि बर्फ. फार वाईट वाटलं, कारण हा सण आमच्या घरात वर्षभर वाट बघण्याचा आहे.

तर चांगलं काही सुचवा. दोन तासांच्या आत बसणारं हवं. सासूबाईंना इंग्रजी कळतं, पण भरभर बोललेलं निसटतं.

पेणकर

'व्हाइल यू वर स्लीपिंग' (१९९५). सँड्रा बुलक, बिल पुलमन. शिकागोच्या लोकलच्या खिडकीत टोकन विकणारी मुलगी, आई-वडील नाहीत, नाताळच्या दिवशीही कामावर. रुळांवर पडलेल्या एका माणसाला वाचवते, तो बेशुद्ध, आणि हॉस्पिटलात गैरसमजातून त्याच्या घरचे तिला त्याची होणारी बायको समजतात. आमच्याकडे आई-बाबांपासून पुतणीपर्यंत सगळ्यांनी आवडीने पाहिला. डोळे झाकून लावा.

रीळवेडी

वसईकरीण, तुझी निराशा अगदी पटली. १९४५चा मूळ सिनेमा माझा अत्यंत लाडका, म्हणून १९९२च्या आवृत्तीत काय बिघडलं ते जरा सविस्तर लिहिते. त्यातून तुला पुढची निवड करायलाही मदत होईल.

मूळ सिनेमात एलिझाबेथ लेन (बार्बरा स्टॅनविक) मासिकात सदर लिहिते. कनेटिकटमधलं शेतघर, नवरा, तान्हं बाळ, चुलीवर शिजणारं काहीतरी सुरेख. सगळं न्यूयॉर्कच्या छोट्या फ्लॅटमध्ये बसून, आणि पाककृती फेलिक्स नावाच्या हॉटेलवाल्याकडून घेतलेल्या. मासिकाचा मालक यार्डली (सिडनी ग्रीनस्ट्रीट) खरेपणाच्या बाबतीत कडक, आणि त्याला यातलं काहीही माहीत नाही. बोट बुडाल्यावर १८ दिवस समुद्रात तराफ्यावर काढलेला एक नौसैनिक बरा होतोय, त्याला नाताळला तिच्या घरी पाठवायचं असं मालक ठरवतो आणि स्वतःही येतो म्हणतो. पकडली गेली तर तिची नोकरी जाणार, संपादकाचीही जाणार. म्हणून ज्याच्यावर प्रेम नाही अशा, शेतघराच्या मालकाशी लग्न करायलाही ती तयार होते. हे खरं संकट आहे. मालक जिना उतरताना दिसला की बघणाऱ्याचाही जीव वरखाली होतो.

आता १९९२मध्ये काय केलंय बघ. यार्डली हे नाव तसंच ठेवलं, पण तो आता फसवला जाणारा मालक राहिलेला नाही, खोट्याचा कर्ताकरविताच झालाय. म्हणजे ज्याच्या नजरेपासून लपायचं तो माणूसच घरातून काढून टाकला. खोटं उघडं पडलं तर काय होईल याची धास्ती उरली नाही, की मग दारं आपटणं आणि धावपळ एवढंच हातात राहतं.

दुसरी गोष्ट भुकेची. मूळ सिनेमा ऑगस्ट १९४५मध्ये आला. अमेरिकेत तेव्हा मांस, लोणी, साखर रेशनवर होती. तराफ्यावर तो सैनिक जेवणाची स्वप्नं बघतो ती प्रेक्षकांचीही स्वप्नं होती. आणि त्या बाळाला अंघोळ घालण्याचा प्रसंग! शेजारणीचं उसनं आणलेलं बाळ, हिला ते कसं धरायचं हेही माहीत नाही, सगळे बघतायत. तो सैनिक पुढे होतो आणि सराईत हातांनी बाळाला न्हाऊ घालतो. ती बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत राहते. प्रेम कधी सुरू झालं असं विचारलंस ना, इथे बोट ठेवून दाखवता येतं.

तुम्हा चौघांसाठी माझी पहिली पसंती मात्र वेगळी आहे: 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०), दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. बुडापेस्टमधलं चामड्याच्या वस्तूंचं दुकान. मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाच्या नाटकावरून घेतलेला. जेम्स स्ट्युअर्ट आणि मार्गारेट सुलावन एकाच दुकानात काम करतात, एकमेकांशी रोज खटके उडतात, आणि दोघंही एका अनोळखी व्यक्तीला पत्रं लिहितायत. ती व्यक्ती म्हणजे समोरचाच माणूस, हे त्यांना माहीत नाही.

यातला नाताळ म्हणजे हंगाम. विक्री झाली नाही तर नोकरी गेली. म्हाताऱ्या नोकराला मालकासमोर बोलायची भीती, कारण घरी बायको-मुलं. एक दृश्य सांगते: पोस्टातल्या खणांची भिंत, आपण आतल्या बाजूला. तिचा हातमोजा घातलेला हात खणात येतो, चाचपतो, रिकामाच मागे जातो. मग त्या चौकोनात तिचा चेहरा दिसतो. एक शब्द नाही. ते बघितल्यावर तिच्याबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही.

आणि शेवटाकडे, नाताळच्या संध्याकाळी, १९२८नंतरची सगळ्यात मोठी विक्री झाल्यावर मालक दुकानाबाहेर बर्फात उभा आहे. घरी कुणी नाही. एकेका नोकराला जेवायला येतोस का विचारतो, प्रत्येकाला आपापलं घर आहे. शेवटी नवीन लागलेला पोऱ्या सापडतो, त्याचंही शहरात कुणी नाही. मग दोघं काय काय जेवायचं ते ठरवतात: भाजलेलं हंस, आत सफरचंदं, लोणी घातलेले बटाटे, काकडीची कोशिंबीर. माझ्या मते नाताळवरच्या सगळ्या सिनेमांत हा प्रसंग सर्वांत सुंदर आहे.

लेकीसाठी एक सूचना: मध्ये मालकाचा आत्महत्येचा प्रयत्न आहे. दाखवत नाहीत, बंद दारामागे होतो आणि तो वाचतो, पण आधी माहीत असलेलं बरं.

लँगलीकर

मी ब्रिटिश कोलंबियात राहतो, व्हँकूवरच्या पूर्वेला. टीव्हीवरचे नाताळपट मोठ्या संख्येने आमच्या भागात चित्रित होतात. फोर्ट लँगलीसारखं जुन्या दुकानांचं टुमदार गाव अमेरिकेतलं कुठलंतरी खेडं म्हणून दाखवतात. हे बरंचसं काम वसंतात-उन्हाळ्यात चालतं. हिरवळीवर पांढऱ्या जाड चादरी अंथरतात, कुंपणावर फेस मारतात, आणि लोकरी कोट, मफलर घातलेले कलाकार दोन शॉटच्या मध्ये सावलीत जाऊन पंख्यासमोर उभे राहतात. तोंडातून वाफ येत नाही, ते बघितलं की ओळखायचं.

त्या लोकांची मेहनत मी जवळून बघतो, म्हणून सांगावंसं वाटतं की दोष त्यांचा नसतो. असा एक पिक्चर साधारण १५ दिवसांत चित्रित करतात. दोन तासांच्या वेळेतून जाहिराती वजा जाता कथेला जेमतेम दीड तासही मिळत नाही. दर जाहिरातीआधी काहीतरी छोटा खटका हवा, नाहीतर प्रेक्षक वाहिनी बदलेल. म्हणून दोघं जवळ आली की फोन वाजतो किंवा कुणीतरी दार उघडतं, आणि चुंबन शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. हॉलमार्क वाहिनीने २००९पासून 'काउंटडाउन टू ख्रिसमस' असा हंगामच सुरू केला, पुढे एकेका वर्षी ४० नवीन पिक्चर निघाले. इतक्या वेगात पात्रांना श्वास घ्यायला वेळ कुठून मिळणार?

तरी त्यातलाच एक मनापासून सुचवतो: 'द नाइन लाइव्ह्ज ऑफ ख्रिसमस' (२०१४). अग्निशमन दलातला जवान (ब्रँडन रूथ) एकटं राहायचं ठरवून बसलाय, एक भटकं मांजर त्याच्या घरी येऊन ठाण मांडतं. ती (किंबर्ली सस्टाड) पशुवैद्यकीचं शिकतेय, मांजर पाळल्यामुळे तिला भाड्याचं घर सोडावं लागतं. रीळवेडींनी म्हटलंय तसं, अडचण खरी आहे: राहायला जागा नाही. बाकी मालमसाला नेहमीचाच, पण ही दोघं एकमेकांचं ऐकून घेतायत असं वाटतं. लेकीला मांजर आवडत असेल तर प्रश्नच मिटला.

वसईकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रीळवेडी, यार्डलीबद्दलचा मुद्दा वाचून मला काय खटकत होतं ते आत्ता नीट कळलं. पेणकरांनी सांगितलेल्या टोकनवाल्या मुलीच्या खोट्यालाही तसंच वजन आहे ना? खरं सांगितलं तर मिळालेलं कुटुंब हातचं जाणार.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा: "यातल्या एकात तरी देऊळ (म्हणजे चर्च) आहे का?" मिस्सा नाही, गायकवृंद नाही, येशूजन्माचा गोठा नाही, मग हा नाताळ कसला, असं त्यांचं म्हणणं. रास्त आहे. आमच्याकडे महिनाभर आधीपासून गाण्यांच्या तालमी चालू होतात.

जुना_रेडिओ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि 'द बिशप्स वाइफ' (१९४७) दाखवा. दिग्दर्शक हेन्री कोस्टर. बिशप (डेव्हिड निव्हन) नवं कॅथीड्रल बांधण्यासाठी पैसेवाल्यांची मनधरणी करता करता बायकोला (लोरेटा यंग) आणि स्वतःच्या श्रद्धेलाही दुरावलाय. तो प्रार्थना करतो आणि मदतीला देवदूत येतो, तो म्हणजे कॅरी ग्रँट. बायकोला हसायला लावतो, फिरायला नेतो, बर्फावर स्केटिंग करायला लावतो, आणि हळूहळू त्या देवदूताचंच मन तिच्यात गुंतायला लागतं. प्रेमकथा आहे, पण संसाराची.

गायकवृंदाची तालीम तर त्यात आहेच. जुन्या गरीब वस्तीतल्या चर्चमध्ये मुलं तालमीला आलेलीच नाहीत. देवदूत आहेत त्यांनाच घेऊन गाणं सुरू करतो, आणि गाणं चालू असताना एकेक मुलगा आत येऊन आपल्या जागेवर उभा राहतो. सूर भरत जातो. ज्यांनी नाताळच्या तालमी पाहिल्या आहेत त्यांना हे फार जवळचं वाटेल.

सासूबाई एक गोष्ट नक्की विचारतील, बिशपला बायको कशी? हा बिशप एपिस्कोपल पंथाचा आहे, अँग्लिकन परंपरेतला; त्यांच्यात बिशप लग्न करू शकतात. सुरू करण्याआधीच सांगून टाका, म्हणजे पहिली दहा मिनिटं त्यात जाणार नाहीत. बोलणं सावकाश आणि स्पष्ट आहे.

कॉफीहाउस

कुणी नावावरून श्रीराम राघवनचा 'मेरी ख्रिसमस' (२०२४) सुचवायच्या आत लिहितो: मुंबईतली नाताळची रात्र, कतरिना आणि विजय सेतुपती, सिनेमा मला आवडला, पण ते रहस्य आणि खुनाचं प्रकरण आहे. या रात्रीसाठी नको.

रीळवेडी

जुना_रेडिओ, तालमीच्या प्रसंगासाठी तुम्हाला शंभर मार्क.

वसईकरीण, सासूबाई झोपल्यावर तुम्हा दोघांसाठी आणखी दोन. 'रिमेंबर द नाइट' (१९४०), पटकथा प्रेस्टन स्टर्जेसची, पुन्हा बार्बरा स्टॅनविक. ती ब्रेसलेट चोरल्याबद्दल पकडली गेलेली, फ्रेड मॅकमरे सरकारी वकील. सणासुदीत ज्युरी मवाळ होते म्हणून तो खटला पुढे ढकलून घेतो, मग तिला नाताळभर तुरुंगात ठेवायला त्याचंच मन धजत नाही. दोघंही इंडियानाचे, म्हणून तिला तिच्या आईकडे सोडायला निघतो. आईचं दार उघडतं तो प्रसंग बघ. इतक्या वर्षांनी लेक आली तरी आईच्या डोळ्यांत तीच जुनी चोरी. मग तो तिला आपल्या घरी नेतो, आणि तिथे त्याची आई तिलाही भेट देते. सासूबाईंनाही चालेल खरं तर.

दुसरा बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (१९६०). लेक मोठी होईपर्यंत थांबा, विषय मोठ्यांचा आहे.

वसईकरीण

ठरलं. २४ तारखेला 'द बिशप्स वाइफ', सासूबाईंनी शिक्कामोर्तब केलंय. २५च्या दुपारी पाहुणे गेले की 'शॉप', आणि मांजरवाला लेकीने सुट्टीसाठी मागून घेतला. 'शॉप'ची सबटायटल्स नीट असलेली प्रत कुठे मिळेल?

पेणकर

विकत किंवा भाड्याने डिजिटल मिळाली तर तीच घ्या. यूट्यूबवर कुणीतरी चढवलेल्या प्रतींचा भरवसा नाही. आणि २४ला लावण्याआधी पाच मिनिटं चालवून सबटायटल्सचा मेळ तपासा. सासूबाईंसाठी अक्षरं मोठी करायची सोय बहुतेक टीव्हींवर सेटिंग्जमध्येच असते.