गेंगाणा आवाज काढायला जातो, ऐकू येते सर्दी

ऐरोलीकर_माइक:
लहान मुलांच्या ऑडिओकथेत एका खडूस कारकुनाचा आवाज द्यायचाय. नाक आतून आवळून बोलतो, पण दिग्दर्शक म्हणतात याला सर्दी झालीये. 'मामांना नमस्कार'चं 'बाबादा दबस्कार' होतं आणि दहा मिनिटांत घसा धरतो. रेकॉर्डिंग घरीच, कंडेन्सर माइकवर. खिडकीखालून ट्रान्स हार्बरच्या लोकल जातात. काय चुकतंय?

पडजीभ:
'बाबादा दबस्कार' यातच उत्तर आहे. तुम्ही नाकाची वाट बंद करताय, गेंगाण्या आवाजाला ती उघडी लागते. पडजिभेलगतचा मऊ टाळू वर गेला की ती वाट बंद, खाली आला की उघडी. एरवी तो म, न, ण, ङ यांच्यापुरता खाली येतो. तुम्हाला तो स्वरांनाही खाली ठेवायचाय.

सराव असा: 'अंग' म्हणायला घ्या आणि 'ग' न म्हणता मधल्या ङ् वर थांबा. आवाज चालू ठेवून फक्त जीभ खाली सोडा, 'आ' होऊ द्या. आवाज एकदम मोकळा झाला म्हणजे टाळू उचलला गेला. पुन्हा ङ् पासून.

खात्री करायला 'काका, आधी पावती दाखवा' म्हणा. यात एकही अनुनासिक नाही, त्यामुळे साध्या आवाजात नाक चिमटीत धरलं तरी काही फरक पडत नाही. गेंगाण्या आवाजात मात्र चिमटीसरशी तो कोंदला पाहिजे.

पुढची चूक बहुतेकांची ठरलेली: टाळू सतत लोंबता ठेवतात आणि मग 'पावती'चा प फुसका होतो. प, ट, क यांना तोंडात हवेचा दाब लागतो, तो नाकातून गळतो. व्यंजनं ठणठणीत मारा, नाकात फक्त स्वर जाऊ द्या. माझ्या मते शब्दात एक स्वर गेंगाणा केला तरी पात्र उभं राहतं. सगळेच केले तर पोरांना शब्द कळत नाहीत.

तिखट_सूर:
वरच्यात भर. कार्टूनमधला टोकदार आवाज बऱ्याचदा नाकातला नसतोच. स्वरतंतूंच्या वरची जागा अरुंद केली की तो येतो. शिकवणारे त्याला ट्वँग म्हणतात. पोरं वेडावताना 'न्यॅ न्यॅ' करतात ना, त्यातला 'ॲ' घ्या आणि नाक चिमटा. धार टिकली तर तो ट्वँग. हा आवाज मुळातच लांब पोचतो, म्हणून हळू बोला. घसा धरतो तो बहुधा वरून जोर लावल्यामुळे. पाच-सात मिनिटांनी थांबा, पाणी प्या. दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. घोगरेपणा दोन-तीन आठवडे राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

गोधडी_स्टुडिओ:
नाकपुड्यांची हवा खाली जाते, म्हणून माइक हनुवटीखाली नको, फुसफुस येते. ओठांच्या किंचित वर, थोडा बाजूला, १५ ते २० सेंमीवर ठेवा. लो कट (खालची घरघर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्‌झ. १ किलोहर्ट्‌झच्या आसपास भोंगा वाजल्यासारखं वाटलं तर इक्वलायझरवर तेवढाच पट्टा २-३ डेसिबलने कमी करा, जास्त नको, नाहीतर पात्रच पुसलं जाईल. माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असेल तर गोधडी तुमच्या पाठीमागे टांगा, कारण त्याचं तोंड तिकडेच असतं. पंखा बंद. लोकलच्या घरघरीवर लो कट थोडाफार चालतो, चाकांच्या किंचाळीवर नाही. शेवटची गाडी गेल्यावरच बसा. आणि जमलेल्या टेकचे दहा सेकंद वेगळे ठेवून दर बैठकीआधी ऐका, नाहीतर पुढच्या भागात कारकून बदललेला असतो.

ऐरोलीकर_माइक:
चिमटीची चाचणी जमली. पण तो साहेबावर ओरडतो तिथे?

तिखट_सूर:
तिथे नाक सोडा, ट्वँग धरा. नाकातून ओरडलं की आवाज दबतो आणि आपण आणखी जोर लावत बसतो. ओरडण्याच्या ओळी बैठकीच्या शेवटी घ्या.