प्रतिसाद: दोन टूडी जेलच्या प्रतिमा जुळवताना

एकाने विचारलंय की दोन टूडी जेलच्या (प्रथिनं दोन दिशांनी वेगळी करून ठिपक्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलच्या) प्रतिमा इमेजे (ImageJ) या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून-सरकवून डावीकडचे ठिपके जुळतात, पण उजवा खालचा कोपरा पाच-सहा मिलिमीटर सुटतो. फिरवण्याने हे कधीच जुळणार नाही. जेल सगळीकडे सारखं ताणलं जात नाही: पॉलिमरायझेशनमधला फरक, कडेला वाकणारा डाय फ्रंट (जेलमध्ये पुढे सरकणाऱ्या रंगाची रेषा), रंगवताना-धुताना फुगणं. त्यामुळे लवचिक जुळवणीच हवी, म्हणजे प्रतिमेचा प्रत्येक भाग वेगवेगळा ताणून बसवणारी.

फिजीमध्ये (Fiji, इमेजेचीच प्लगइनांसह येणारी आवृत्ती) त्यासाठी बीअनवॉर्पजे (bUnwarpJ) हे प्लगइन आहे. दोन्ही प्रतिमांवर मल्टी-पॉइंट टूलने १५-२० खुणा द्या, आणि क्रम दोन्हीकडे तोच ठेवा. बहुतेक गोंधळ इथेच होतो: सातवी खूण आठवीच्या जागी गेली की अख्खं जेल पिळवटतं. खुणांसाठी ठळक, एकटे ठिपके निवडा. चारही कोपऱ्यांत किमान एकेक. लँडमार्क वेट (खुणांना किती महत्त्व द्यायचं तो आकडा) १ करा, कारण मुळात ते शून्य असतं आणि खुणा वायाच जातात. फायनल डिफॉर्मेशन (शेवटी किती बारीक ताणायचं ती पायरी) 'फाइन'वर थांबवा. 'सुपर फाइन' शेजारचे ठिपकेही ओढून एकमेकांवर बसवतं, दिसायला छान आणि चुकीचं.

तपासायला दोन्ही प्रतिमा इन्व्हर्ट करून (गडद-फिकट उलटं करून) मर्ज चॅनल्समध्ये एक हिरवी, एक मॅजेंटा करा. जुळलेले ठिपके पांढरट दिसतात.

मोजणी मात्र मूळ १६-बिट टिफवरच. ताणलेल्या प्रतिमेत ठिपक्याचं क्षेत्रफळ बदलतं, म्हणजे व्हॉल्यूमही (ठिपक्यातल्या तीव्रतेची बेरीज, ज्यावरून प्रथिनाचं प्रमाण ठरतं). जेपेग तर नकोच.

डिजे (DIGE, एकाच जेलमध्ये वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी रंगवलेले नमुने चालवायची पद्धत) असेल तर फक्त साय-२च्या (Cy2, सगळ्या जेलमधल्या सामायिक नमुन्याचा रंग) प्रतिमा जुळवा. त्याच जेलच्या साय-३, साय-५ला तेच रूपांतर लावायचं.