जुनं कॉफी मशिन: चालवायचं की शोकेसला ठेवायचं?

मडगावचा गंज: पणजीत दोन-तीन कॅफेंत बघितलं, कोपऱ्यात जुनं इटालियन लिव्हर मशिन, क्रोम घासून चकाचक, डोक्यावर मनी प्लांट, आणि कॉफी येते मागच्या नव्या ऑटोमॅटिकमधून! एकच घ्या पण चालतं करा ना. लिव्हरमध्ये बिघडायला आहेच काय, पंपच नाही, दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, बॉयलरच्या साधारण एक बार प्रेशरने पाणी आत येतं आणि सोडला की स्प्रिंगच ते आठ-नऊ बारने कॉफीतून ढकलते. इटलीच्या गाज्जियाने 1948 च्या सुमारास हे बाजारात आणलं तेव्हा कुठे कपावर ती जाड क्रेमा, म्हणजे वरचा सोनेरी फेस, दिसायला लागली.

हॉलमधली फाएमा: बोलायला काय जातंय. बॉयलर म्हणजे आजीचा बंब नव्हे, ते बंद भांडं आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने जाम झाला तर घरात बॉम्ब. जुन्या गॅस्केटमध्ये (सांध्यातल्या सीलमध्ये) नि लॅगिंगमध्ये (बॉयलरभोवतीच्या उष्णतारोधक गुंडाळीत) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं ते वेगळंच. माझी ई61, फाएमाचं जुनं इटालियन मशिन, रिकामी उभी आहे आणि तशीच राहणार, हसा खुशाल.

मडगावचा गंज: म्हणूनच हायड्रो टेस्ट करतात. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवा अजिबात ठेवायची नाही, मग हातपंपाने कामाच्या प्रेशरच्या दीडपट चढवायचं आणि काटा बघत बसायचं. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा कच्चा असला तर नुसता पाझरतो, उडत नाही. गॅस्केटचं मान्य, कोरडं खरवडू नये, ओलं करून मास्क लावून काढावं. आणि ई61 बंद ठेवायला तर कारणच नाही, ग्रुपची (जिथून कॉफी कपात उतरते त्या भागाची) गॅस्केटं आजही नवी मिळतात. (1961 च्या सूर्यग्रहणावरून नाव पडलं तिचं. आपल्याकडे त्याच साली पोर्तुगीज गेले, तुम्ही अजून मशिन सोडवत नाही.)

हॉलमधली फाएमा: जोक चांगला आहे. तो चार किलोचा पितळी ग्रुप तापायला अर्धा तास, रोज दोन कपांसाठी वीजबिल तू भरणार काय रे?

म्हापशेकार बाय: रिकामं ठेवलं म्हणजे टिकतं असं नाही हां. आमच्याकडे एका पावसात क्रोमखालून हिरवं यायला लागतं, समुद्राजवळ तर विचारूच नका.

फोंड्याचा वाफवाला: सगळे इटलीच्या मागे! लग्नात गॅसवर फुसफुसणारं ते वाफेचं मशिन, वर चॉकलेट पावडर मारून देणारं, ते कोण जमवतंय? पितळेच्या भावाने वितळतायत.

मडगावचा गंज: ते कॉफी मशिन कुठे, इन्स्टंट आणि दुधाला वाफ. एस्प्रेसो नुसतं नावाला.

फोंड्याचा वाफवाला: असू दे, मी तेच प्यायलोय, तुमची क्रेमा नाही. कोणाकडे पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी इथे टाका, रिक्षा टेम्पो घेऊन येतो.