प्रेरणादायी लेख शेवटपर्यंत वाचला जावा यासाठी काय करावे? सल्ला हवा आहे

शब्दवेल:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक अभ्यासिका आहे. तिच्या मासिक पत्रिकेतील प्रेरणादायी लेखाचे पान माझ्याकडे असते. चालू घडामोडींचे पान मुले कापून वहीत चिकटवतात. माझे पान मात्र पहिल्या परिच्छेदानंतर उलटले जाते, असे त्यांच्याच बोलण्यातून कळले. पुढचा लेख ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांवर आहे, मर्यादा आठशे शब्दांची आहे आणि सुरुवात सध्या अशी केली आहे:

"जीवनात यश मिळवायचे असेल तर जिद्द, चिकाटी आणि परिश्रम यांना पर्याय नाही. अपयश ही यशाची पहिली पायरी असते. अशाच एका जिद्दी मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे भारताचा झेंडा फडकवला."

वाचक धरून ठेवण्यासाठी यात काय बदलावे, हे कृपया मोकळेपणाने सांगावे.

कडुनिंब:
शब्दवेलताई, मी एका दैनिकाच्या पुरवणीत बरीच वर्षे संपादनाचे काम केले, तेव्हा थोडे स्पष्टच लिहितो. आपली पहिली दोन वाक्ये जगातल्या कोणत्याही यशस्वी माणसावरील लेखाच्या माथ्यावर बसतील, आणि जे कोठेही बसते ते वाचक न वाचताच ओलांडतो. तिसऱ्या वाक्यात तर आपण पदकाची बातमीच देऊन टाकली आहे. खाशाबांना कांस्यपदक मिळाले हे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पाठच असते; त्यांना ठाऊक नसते ते त्याच्या आधीचे आणि मधले.

त्यातले सर्वांत ओढून नेणारे सूत्र पैशाचे आहे. हेलसिंकीला जाण्याइतके पैसे खाशाबांकडे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एवढे सांगितले की वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो, की हा मल्ल हरून परतला असता तर त्या घराचे काय झाले असते? तो प्रश्न तसाच लटकता ठेवून आपण निश्चिंतपणे मागे, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जाऊ शकता, कारण आता वाचक आपल्याबरोबर येणारच.

लंडनमध्ये खाशाबा फ्लायवेट या सर्वांत हलक्या वजनगटात सहावे आले. आपल्या गोळेश्वर गावच्या आणि कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेल्या पैलवानाला तेथे मॅटवर खेळावे लागले. मातीत पायाला मिळणारी पकड आणि मॅटवरची पकड यांत फरक असतो, आणि नियमही आपल्या आखाड्यापेक्षा वेगळे होते. लेखात या फरकावर एक सबंध परिच्छेद खर्च करावा, असे मी सुचवेन. कारण ‘त्यांनी अपार कष्ट घेतले’ या वाक्याने डोळ्यांसमोर काहीच येत नाही. परक्या पृष्ठभागावर उभे राहायला नव्याने शिकणारा पैलवान मात्र दिसतो.

खरा थांबण्याचा मुक्काम हेलसिंकीचा आहे. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत हरल्यानंतर खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध उतरवण्यात आले. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळण्याचा त्यांना हक्क होता, पण तो मागायला तेथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले आणि कांस्यावर थांबले. आपल्या वाचकांमध्ये एखाद्या गुणाने यादीबाहेर राहिलेली मुले असतील. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पण आपण जर त्याच्या खाली ‘म्हणून परिस्थितीला दोष देऊ नका’ असे लिहिलेत, तर तो प्रसंग तेथेच मेला असे समजा.

कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची जी मिरवणूक निघाली, तिच्यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नये. विजयाचे वर्णन लिहायला सोपे असते, म्हणून ते फार लांबते.

मधला बाक:
मी स्वतः राज्यसेवेची तयारी करत आहे, त्यामुळे वाचकाच्या बाजूने सांगतो. लेखक ज्या वाक्यात गोष्ट सोडून आमच्याकडे वळतो, त्या वाक्याला आम्ही वाचणे थांबवतो. ‘मित्रांनो’ हा शब्द आला की पुढे काय येणार हे आम्हांला कळते. दिवसाला सोळा तास अभ्यास केल्याच्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही, कारण अभ्यासिकेत इतके तास बसणारा मुलगा प्रत्यक्षात किती वेळ वाचतो, हे शेजारच्या खुर्चीवरून दिसत असते. त्याऐवजी खोलीचे भाडे कोण भरत होते, घरी काय सांगितले, पहिल्या अपयशानंतर कोणता विषय बदलला, हे लिहिलेले असले तर आम्ही ते पुन्हा पुन्हा वाचतो. आणखी एक विनंती आहे. परीक्षा सोडून दुसरे काही नीट उभे केलेल्या माणसांवरही कधीतरी लिहावे. जागा थोड्या आणि अर्ज प्रचंड असताना केवळ निवड झालेल्यांच्याच गोष्टी छापणे आम्हांला अर्धवट वाटते.

सह्यवाट:
एक सावधगिरी सुचवतो. चाळिसाव्या वर्षी स्वतःची चोच खडकावर आपटून तोडणारा आणि नवी चोच घेऊन आणखी तीस वर्षे जगणारा गरुड मराठी प्रेरणादायी लेखांत वारंवार भेटतो. असा गरुड निसर्गात नाही. चोच गमावलेला पक्षी खाऊच शकत नाही, त्यामुळे तो उपाशी मरेल. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात गप्प बसून मरणारा बेडूकही तसाच कल्पित आहे, कारण पाणी असह्य झाले की तो उडी मारतो. आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाले होते, हेही असत्य आहे. १८९५ साली झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत हे खरे, परंतु गणित आणि भौतिकशास्त्र यांतले त्यांचे गुण उत्तमच होते. आपले वाचक सामान्य विज्ञानाचा अभ्यास करणारे आहेत. त्यांना असा एक गरुड सापडला की त्या पानावरची खरी गोष्टही ते संशयाने वाचतील.

ओसरी:
कडुनिंब यांचा बराचसा सल्ला पटतो, पण बोध सरसकट काढून टाकावा हे मला मान्य नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, अभंग घेऊन निरूपण होते, म्हणजे बोध चक्क आधीच येतो, आणि उत्तररंगातील आख्यानासाठी माणसे रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. बोधाने वाचक पळतो असे असते, तर कीर्तन कधीच बंद पडले असते.

कडुनिंब:
ओसरीसाहेब, मुद्दा रास्त आहे. पण बुवांना समोरचे चेहरे दिसतात. निरूपण जड झाले की ते विनोद पेरतात, टाळकऱ्यांकडे पाहून चाल उचलतात आणि मंडळी पुन्हा सावरून बसतात. लिहिणाऱ्याला यातले काही करता येत नाही, म्हणून त्याने बोध आवरता घ्यावा, इतकेच माझे म्हणणे आहे. आपल्याला तो हवाच असेल तर तो एखाद्या पात्राच्या कृतीतून येऊ द्यावा. घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांविषयी वेगळे विशेषण लागत नाही.

शब्दवेल:
सर्वांचे मनापासून आभार. सुरुवात पुन्हा लिहिली आहे:

"१९५२ साली कोल्हापुरात प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये आणले. ज्याच्यासाठी आणले तो मल्ल चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये सहावा आला होता, आणि या वेळी त्याहून वरच्या वजनगटात उतरणार होता. जिंकण्याची खात्री कोणालाच देता येत नव्हती."

आता शेवट कोठे करावा? पुढे ते पोलीस दलात गेले, १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, हे सर्व घ्यावे का?

कडुनिंब:
सुरुवात उत्तम झाली आहे. तिसरे वाक्य मात्र काढून टाकावे, ते दुसऱ्या वाक्याने आधीच सांगितले आहे. पोलीस दल, अपघात आणि पुरस्कार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो उपेक्षेचा आहे. आठशे शब्दांत दोन्ही कोंबल्यास दोन्ही उरकल्यासारखे होतील. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे कर्ज फेडले. तेथे लेखणी खाली ठेवावी. ‘यातून आपण काय शिकतो’ या शीर्षकाची चौकट मांडणी करणारा स्वतःहून घालतो, त्याला तेवढे आधीच सांगून ठेवावे.

मधला बाक:
शब्दवेलताई, मसुदा पूर्ण झाला की छपाईआधी आपल्याच अभ्यासिकेतल्या दोघातिघांना द्यावा, आणि मत न विचारता फक्त जेथे कंटाळा आला तेथे पेन्सिलीने खूण करायला सांगावी. मत विचारले तर मुले संकोचाने ‘छान आहे’ म्हणतात. वाचकांपैकी एक म्हणून मीही खुणा करून पाठवीन.