माजी आमदारांची कारकीर्द लिहायची आहे. नोंदी कुठून काढायच्या?

बंदरवाडी
तालुक्याच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत इथल्या एका माजी आमदारांवर चार पानं द्यायची ठरली आहेत. जिल्हा रत्नागिरी, काळ 1978 पासून पुढचा. त्यांचा मतदारसंघ आता अस्तित्वातच नाही. घरच्यांच्या पत्रकात 'चार टर्म', जुन्या कात्रणात 'तीन वेळा'. निवडणूक आयोगाच्या अहवालात मतदारसंघाचा क्रमांक टाकून बघितलं तर भलत्याच जिल्ह्यातला माणूस येतो. त्यात रस्ता, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), जेट्टी, जे दिसेल ते 'साहेबांनी आणलं'. गौरवलेख नकोय, कुणी तपासलं तरी टिकेल असं हवंय. सुरुवात कुठून करू?

खाडीपलीकडे
क्रमांक विसरा. मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेत सगळी क्रमवारी फिरली. आधी यादी दक्षिणेकडून सुरू व्हायची, सावंतवाडी 1. आता 1 म्हणजे नंदुरबारमधलं अक्कलकुवा आणि सावंतवाडी 270. 2004 पर्यंतचे अहवाल जुन्या क्रमांकाने, 2009 पासूनचे नव्या. म्हणून नाव आणि वर्ष धरूनच शोधा.

नावांचंही तेच. खेड मतदारसंघ 2008 नंतर राहिला नाही. रामदास कदम 1990 ते 2004 च्या चारही निवडणुका खेडमधून जिंकले, 2009 ला गुहागरमधून उभे राहिले आणि भास्कर जाधवांकडून हरले. कागद न बघता लिहिणारा याला 'मतदारसंघ सोडला' म्हणतो. सोडला कसला, मतदारसंघच उरला नव्हता! तुमच्या माणसाबाबत हा फरक एका वाक्यात तरी सांगा.

'टर्म' हा शब्द शक्यतो टाळा. किती निवडणुका जिंकल्या आणि किती विधानसभांत बसले, हे दोन वेगळे आकडे आहेत. नारायण राणे बघा. 1990, 95, 99, 2004 मालवण, 2005 ची मालवण पोटनिवडणूक, 2009 कुडाळ. विजय सहा, विधानसभा पाच. 2004 ला शिवसेना, 2005 ला काँग्रेस, मतदारसंघ तोच. पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. तुमच्या तीन-चारच्या घोळाचं मूळ बहुधा इथेच आहे, नाहीतर मग विधान परिषद धरली-न धरली यात.

पक्षाच्या रकान्यात आणखी एक खड्डा आहे. 1978 आणि 1980, दोन्ही अहवालांत काँग्रेस दोन-दोन आहेत. 1978 ला काँग्रेस आणि काँग्रेस (आय), म्हणजे इंदिरा गट, 1980 ला आय आणि यू, म्हणजे अर्स गट. नुसतं 'काँग्रेस' लिहिलंत तर निम्मं राजकारण पुसलं जाईल, कारण 1978 च्याच जुलैत पुलोदचं (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं आणि निवडून आलेला पक्ष एक, बसण्याचा बाक दुसरा, असं बऱ्याच जणांचं झालं. आणि हो, 1978 ची ती विधानसभा 1980 च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली. त्यामुळे '78 ते 83' असं हिशेबाने लिहू नका.

तारांकित
वरचा सांगाडा झाला की सभागृहातलं काम. विधिमंडळाच्या कार्यवाहीत तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे, अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली) हे सगळं सापडतं. पण मोजणी करताना दोन गोष्टी सांभाळा. एका तारांकित प्रश्नावर अनेक आमदारांची नावं असतात, म्हणजे 'शंभर प्रश्न विचारले' यातले बरेच सह्यांचे धनी. शिवाय प्रश्नोत्तराचा तास संपला की उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली जातात, त्यांच्यावर चर्चा झालेली नसते. ज्यावर त्यांनी उपप्रश्न विचारला असे चार जरी मिळाले तरी ते अधिक बोलके.

मंत्री असतानाच्या काळात प्रश्न शून्य दिसतील. ते आळशीपण नव्हे, मंत्री उत्तर देणाऱ्या बाजूला असतो. तो काळ मोजणीतून वगळा आणि त्यांच्या खात्याची विधेयकं बघा.

बंदरवाडी
हे छान. त्यांच्यावर एक खटलाही होता म्हणतात. तो घ्यावा का? आणि संपत्तीचं काय?

खाडीपलीकडे
उमेदवारांची संपत्तीची शपथपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या 2002-03 च्या निकालांनंतरची, त्याआधीची शोधू नका. 2004 ची बरीचशी हाताने भरून स्कॅन केलेली असतात, आकड्यातला स्वल्पविराम आणि शून्य नीट बघा. संपत्तीची वाढ काढताना वारशाने आलेली जमीन आणि बाजारभाव वेगळे करा. एनए (बिगरशेती) झालेला आंबा-काजूचा तुकडा किंमत एकदम उडवतो.

खटल्यात मात्र टप्पा लिहायचा, गोळाबेरीज नाही. माजी मुख्यमंत्री अंतुल्यांचं प्रकरण नमुना म्हणून वाचा. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आणि राजीनामा. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम 21 खाली लोकसेवक नाही असं ठरवलं आणि खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो पाठवण्याचा आदेशच रद्द केला. यातला एकच टप्पा उचलला की त्याच कागदांतून माणूस 'दोषी'ही करता येतो आणि 'निर्दोष सुटलेला'ही. निकालाची प्रत हातात नसेल तर तुमच्या लेखात खटल्याचा उल्लेखच नको.

साकववाला
'साहेबांनी आणलं' याची तड माहिती अधिकारात लागते. आधी काम कुणाचं ते ठरवा. आमदार निधीचं असेल तर जिल्हा नियोजन अधिकारी. साकव बहुतेकदा जिल्हा परिषद बांधकाम, धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभाग, जेट्टी असेल तर सागरी मंडळ किंवा मत्स्यव्यवसाय. चुकीच्या ऑफिसात अर्ज टाकला तर तो हस्तांतरित होण्यातच दिवस जातात.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, शब्दमर्यादा 150, फी 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. 'सर्व कामांची यादी द्या' असं लिहाल तर माहिती विस्तृत आहे म्हणून परत येईल. एक आर्थिक वर्ष, एक गाव, आणि चार रकाने मागा: शिफारस पत्राची तारीख, प्रशासकीय मान्यता, मंजूर रक्कम, झालेला खर्च. मान्यता मिळाली म्हणजे काम झालं असं नव्हे, सगळा घोटाळा याच दोन रकान्यांमध्ये असतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

1990 च्या आधीची फाइल मिळेलच असं धरून चालू नका, जतनाची मुदत संपली की नष्ट करतात. तेव्हा नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागायची. काही वेळा नसलेली फाइल त्यानंतर आठवड्याभरात सापडते.