'फॅक्टरी'ची वखार की कारखाना?

मधलीआळी: राजापूर बंदरावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. सतराव्या शतकातली इंग्रजांची 'फॅक्टरी' मी 'वखार' केली. संपादकांनी खोडून 'कारखाना' केलं. म्हणे, वखार म्हटलं की लोकांना जळाऊ लाकडं आठवतात. काय ठेवू?

मोडीवाचक: वखारच. तिथे काही बनत नव्हतं. कंपनीचे गुमास्ते मिरी, कापड घेऊन साठवायचे आणि जहाज लागलं की भरायचे. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली, हे शाळेतच शिकलो. कारखाना लिहिलात तर पोरं धुराडं शोधतील.

ठाम_ठाणेकर: का बरं? शिवकाळात अठरा कारखाने होते, जवाहिरखाना, पीलखाना धरून. हत्ती काय तिथे बनवायचे?

मोडीवाचक: ते सरकारी विभाग. परक्या व्यापाऱ्याची ती वखार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात, काढून बघा. टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, वखारीला जागा द्यायचीच तर खाडीच्या तोंडाशी नको, आत द्या, वर पक्कं बांधकाम करू देऊ नका. नुसत्या कोठाराला एवढं कोण भितं?

जैतापूरकर: 'आत द्या' यातच गोम आहे. मोठी गलबतं आमच्या जैतापुरास थांबत, पुढे राजापूरपर्यंत माल भरती साधून लहान होड्यांनी. म्हणजे टोपीकराची नाडी आपल्या हातात! आता नदीत गाळच गाळ. बाकी मला वखार म्हणजे लाकडाचीच. ओलं लाकूड काट्यावर जड भरतं, म्हणून आजोबा आधी साल नखानं उचकटून बघायचे. वखारवाला चिडायचा.

शुद्धमराठी: महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला? कारखाना तर सरळ फारसी. 'पण्यशाला' लिहा.

ठाम_ठाणेकर: मग बंदरही फारसीच की. लेखाचं नाव काय ठेवायचं, 'राजापूर पत्तन'?

शुद्धमराठी: ठेवा की. काय वाईट आहे?

मधलीआळी: अहो, उद्या मजकूर द्यायचाय. 'व्यापारी ठाणं' चालेल?

जैतापूरकर: ठाणं म्हटलं की आमच्याकडे पोलीस. गोदाम लिहून मोकळ्या व्हा.

शुद्धमराठी: हे उत्तम. गो अधिक दाम, दाम म्हणजे दावं. गाई बांधायची जागा. अस्सल संस्कृत.

मोडीवाचक: कसल्या गाई! मलय भाषेतला 'गुदांग' आहे तो, जहाजातून उतरलेला.

शुद्धमराठी: पुरावा?