‘लॅग म्हणजे हरणाऱ्याची सबब’? ही व्याख्या काढून टाका

हेडशॉट_हणमंत
कालच्या ‘खट्याळ तंत्रकोश’ पोस्टमध्ये लिहिलंय : ‘क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. बीटा म्हणजे गिऱ्हाइकाकडून फुकटात तपासणी. लॅग म्हणजे हरणाऱ्याची सबब.’ पहिल्या दोन चालतील, तिसरी डोक्यात गेली. लॅग म्हणजे ऑनलाइन गेममध्ये बटण दाबल्यावर परिणाम दिसायला होणारा उशीर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. समजा मी मुंबईत आणि गेमचा सर्व्हर सिंगापुरात; सरळ रेषेत अंतर ३९०० किमीच्या आसपास. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. यात सबब कुठे आली?

निवृत्त_मास्तर
अहो, विनोदाने शिकणं सोपं होतं. फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘आय’ ते ‘एन’पासून सुरू होणारी व्हेरिएबल्स (आकडे ठेवायची नावं) आपोआप इंटिजर, म्हणजे पूर्णांक, धरतात; बाकीची रिअल, म्हणजे दशांशवाली. पोरांच्या डोक्यात शिरेना. मग ‘गॉड इज रिअल, अनलेस डिक्लेअर्ड इंटिजर’ हे जुनं वाक्य फळ्यावर लिहिलं. ‘गॉड’चा ‘जी’ त्या अक्षरांत नाही, म्हणून तो रिअल! परीक्षेत तो नियम कुणाचा चुकला नाही.

रात्रपाळी
मास्तर, त्या वाक्यात खरा नियम आहे, म्हणून ते उपयोगी पडलं. लॅगच्या व्याख्येतून काय शिकायचं? आमच्याकडे बहीण व्हिडिओ अपलोड करायला बसली की माझा गेम अडकायचा. नेटवाला एकच सांगायचा, मोठा प्लॅन घ्या. खरं तर राउटरमध्ये पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग तुंबत होती. अपलोडच्या वेगाला मर्यादा घातली, त्याच प्लॅनवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, उतरला.

कोथरूडची_मावशी
माझा भाचा हरला की नेट वाईट, जिंकला की हा हुशार. नेट तेच, घर तेच!

हेडशॉट_हणमंत
मावशी, पिंग दिवसभर सारखा नसतो. मध्येच उसळतो, त्याला जिटर म्हणतात. नेमका त्याच क्षणी समोरचा गोळी झाडतो. तुमच्या भाच्यावरून सगळ्यांना खोटं ठरवू नका.

फोटोवाली
लॅग-लॅग काय लावलंय? क्लाउडची व्याख्या नुसती ‘चालेल’ कशी? फोनमध्ये जागा हवी म्हणून मी फोटो पुसले. सिंक चालू होतं, म्हणजे फोनमध्ये जे बदलेल तेच क्लाउडवरही; तिकडचेही गेले. बाळाच्या बारशाचे होते हो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे कुणी हसत का होईना आधी सांगायला हवं होतं. क्लाउडची ती व्याख्या मोठ्या अक्षरांत छापा.

निवृत्त_मास्तर
हेच म्हणतोय मी!

हेडशॉट_हणमंत
क्लाउडपुरतं मान्य. लॅगची काढाच.

कोथरूडची_मावशी
बरं बाबा, जिटर असेल. पण यापुढे भाच्याने आधी पिंगचा आकडा दाखवायचा, मग बोलायचं.